‘केव्हाही काढता येते’, पण कोणाला?

#थ्रेड

१/२४
‘केव्हाही काढता येते.’ तांबी बसवण्याचा विषय निघाला की डॉक्टर, परिचारिका, आशाताई हे वाक्य हमखास उच्चारतात. वाक्य खरे आहे. मात्र त्याच्या रचनेकडे जरा लक्ष द्या: त्यात कर्ता नाही. काढायची कोणी? कोणाच्या इच्छेने? आणि काढणारा ‘नाही’ म्हणाला तर? गर्भाशयात बसवल्या जाणाऱ्या या लहानशा साधनाचा शंभर वर्षांचा इतिहास या गाळलेल्या कर्त्याभोवती फिरतो. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/२४
माझे मत आरंभीच मांडतो. आजची तांबी हे सुरक्षित आणि खरोखर तात्पुरते साधन आहे, असे वैद्यकीय पुरावा सांगतो. तरीही तिच्याविषयी असलेल्या भीतीला केवळ अडाणीपणा म्हणणे हा इतिहासाचा अपमान आहे. साधनाचा तात्पुरतेपणा धातूत किंवा प्लॅस्टिकमध्ये नसतो. ते काढून घेण्याचा अधिकार आणि सोय ज्या स्त्रीला आहे, तिच्यापुरताच तो खरा असतो. (हा इतिहासाचा थ्रेड आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे.)

३/२४
प्रारंभ बर्लिनमध्ये. १९२० च्या दशकात एर्न्स्ट ग्रेफेनबर्ग या स्त्रीरोगतज्ज्ञाने चांदीच्या तारेची लवचीक कडी गर्भाशयात बसवण्याचे प्रयोग केले. त्या चांदीत तांब्याची बरीच भेसळ होती, हे पुढे लक्षात आले. म्हणजे ‘तांबी’चा गुण योगायोगाने पहिल्याच पिढीत उतरला होता! त्याच सुमारास, १९३० च्या दशकात, जपानमध्ये तेनरेई ओटा यांनी स्वतंत्रपणे आपली कडी तयार केली.

४/२४
वैद्यकविश्वाने मात्र या कड्यांकडे पाठ फिरवली. कारण निराधार नव्हते. प्रतिजैविके अद्याप आलेली नव्हती आणि गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला तर तो जिवावर बेतू शकत होता. ग्रेफेनबर्ग स्वतः ज्यू होते. १९३७ साली नाझी राजवटीने त्यांना अटक केली. मार्गारेट सँगर यांच्यासह परदेशातील हितचिंतकांच्या प्रयत्नांनी ते सुटले आणि अमेरिकेत पोहोचले. त्यांची कडी जवळजवळ विस्मृतीत गेली.

५/२४
पुनरागमन झाले ते प्लॅस्टिकच्या युगात. अमेरिकेतील बफेलो येथील डॉ. जॅक लिपीज यांनी आधी ओटा यांच्या धर्तीची कडी वापरून पाहिली. ती काढणे जिकिरीचे होते. म्हणून १९६२ च्या सुमारास त्यांनी पॉलिथिलीनचे, दोन ‘एस’ एकमेकांना जोडल्यासारखे नागमोडी साधन घडवले आणि त्याच्या खालच्या टोकाला बारीक दोरा बांधला. हाच तो प्रसिद्ध ‘लूप’.

६/२४
हा दोरा ध्यानात ठेवा. तो गर्भाशयाच्या मुखातून किंचित बाहेर राहतो. त्याची कामे दोन: साधन जागेवर आहे की नाही हे स्त्रीला बोटाने चाचपता येते, आणि काढायचे झाल्यास दोरा धरून काही क्षणांत ते बाहेर घेता येते. लूपच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम सल्फेटही मिसळलेले असे, जेणेकरून क्ष-किरणांत तो दिसावा. एक खूण स्त्रीसाठी, दुसरी डॉक्टरसाठी. पुढील सारी कथा या दोन खुणांतील आहे.

७/२४
१९६२ मध्ये पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेने न्यूयॉर्क येथे या साधनांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तेथे एका अमेरिकी प्रसूतितज्ज्ञाने मांडलेला विचार आजही अंगावर काटा आणतो. लोकसंख्येच्या विराट प्रश्नापुढे एखाद्या रुग्णाला संसर्ग होऊन ती कायमची वंध्य झाली, तरी व्यापक हिशेबात ते खपवून घेता येईल, असा त्याचा आशय होता. सुरक्षिततेची व्याख्या येथे माणसाकडून आकड्याकडे सरकली.

८/२४
या हिशेबाला एक पर्याय आपल्याकडे चार दशके आधीपासून होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. या कार्यापायी कर्व्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्या मांडणीत संततिनियमन हा व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता.

९/२४
१९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रस्ताव आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेले त्यावरील भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. प्रसूतीच्या यातना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्यांना कोणी तयार झाला नसता, असा एक युक्तिवाद त्यात होता. प्रस्ताव फेटाळला गेला. तरीही नोंद घ्या: महाराष्ट्रातील या परंपरेत चर्चेच्या केंद्रस्थानी स्त्रीचे शरीर आणि तिचे दुःख होते.

१०/२४
आता १९६५ कडे येऊ. अन्नधान्याची टंचाई, अमेरिकेच्या गव्हावरील अवलंबित्व आणि लोकसंख्येची धास्ती अशा वातावरणात भारत सरकारने लूप राष्ट्रीय कार्यक्रमात आणला. आरोग्यमंत्री होत्या डॉ. सुशीला नायर. कानपूरला लूपचे उत्पादन सुरू झाले. १९६५-६६ मध्ये सुमारे ८ लाख, तर १९६६-६७ मध्ये सुमारे ९ लाख लूप बसवले गेले. स्वस्त, एकदाच बसवायचा, रोज काही लक्षात ठेवायला नको: नियोजनकर्त्यांना हे वरदान वाटले.

११/२४
पण योजनेची घडण कशी होती? उद्दिष्टे वरून खाली येत. बसवलेल्या प्रत्येक लूपमागे केंद्राकडून राज्यांना ठरावीक रक्कम मिळे. शिबिरांत डॉक्टर येत, लूप बसवत आणि पुढच्या गावी जात. पुढच्या आठवड्यात रक्तस्राव थांबेना, तर त्या स्त्रीने कोठे जावे? ग्रामीण भागात स्त्री डॉक्टर दुर्मीळ, पुरुष डॉक्टरकडून तपासणी अनेकींना अशक्यप्राय. बसवण्याची नोंद होई आणि तिचा मोबदला मिळे. काढण्यासाठी अशी तत्परता कोणी दाखवावी, असे काही कारण यंत्रणेपुढे नव्हते.

१२/२४
लूपमुळे काही स्त्रियांना अधिक आणि दीर्घ रक्तस्राव होतो, हे ज्ञात होते. धष्टपुष्ट शरीराला ती गैरसोय असते. आधीच रक्तक्षयाने पोखरलेल्या शरीराला ते संकट असते. त्यातून ज्या घरांत पाळीच्या दिवसांत स्वयंपाकघर आणि देवघर वर्ज्य, तेथे लांबलेली पाळी म्हणजे लांबलेला दुरावा. प्रयोगशाळेत ‘किरकोळ दुष्परिणाम’ म्हणून नोंदलेली गोष्ट घरात किरकोळ राहत नाही. सुरक्षितता मोजताना शरीराबरोबर त्याभोवतीचे घरही मोजावे लागते.

१३/२४
मग अफवा उठल्या. लूप पोटातून वर चढतो, काळजापर्यंत जातो वगैरे. अधिकाऱ्यांनी त्यांना अज्ञान म्हटले. शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्या चुकीच्याच होत्या. परंतु लूप आपोआप पडून जाणे, क्वचित गर्भाशयाच्या भिंतीत रुतणे किंवा तिला छेद जाणे या घटना खऱ्या होत्या. ज्या स्त्रीला उत्तर देणारे कोणी भेटत नाही, ती आपल्या अनुभवाचे स्पष्टीकरण स्वतः रचते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अफवेला दस्तऐवज मानावे ते यासाठी.

१४/२४
परिणाम? १९६८-६९ पर्यंत वार्षिक आकडा ५ लाखांच्या खाली घसरला. आणि येथे आपल्या इतिहासातील मोठा विपर्यास घडतो. ‘केव्हाही काढता येणारे’ साधन नासवले गेल्यावर शासनाचा भर कायमस्वरूपी उपायावर, नसबंदीवर गेला. १९७० च्या आसपासची भव्य नसबंदी शिबिरे आणि आणीबाणीतील १९७६-७७ या एका वर्षातील ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया आपण जाणतो. त्यामागे इतरही कारणे होती. पण लूपचे अपयश हा त्या वाटेवरचा टप्पा होता, असे मला वाटते.

१५/२४
‘हे गरीब देशातील अव्यवस्थेमुळे झाले’ असे कोणी म्हणेल. म्हणून त्याच काळातील, त्याच लूपची दुसरी कथा पाहू. ग्रीनलँड. १९६६ पासून डेन्मार्कच्या आरोग्ययंत्रणेने तेथील इनुइट स्त्रियांना लूप बसवण्याची मोहीम राबवली. १९७० पर्यंत सुमारे ४,५०० स्त्रियांना, म्हणजे प्रजननक्षम वयातील जवळपास निम्म्या स्त्रियांना, तो बसवला गेल्याचा अंदाज आहे. त्यांत शाळकरी मुलीही होत्या. अनेकींची संमती घेतली नव्हती. काहींना आपल्या शरीरात काय ठेवले आहे हेही ठाऊक नव्हते.

१६/२४
येथे डॉक्टर होते, रुग्णालये होती, साधनाला दोराही होता. पण ज्या मुलीला लूपच ठाऊक नाही, तिला दोरा काय कामाचा? मूल होत नाही म्हणून वर्षांनंतर तपासणीस गेलेल्या काही स्त्रियांच्या गर्भाशयात लूप सापडला. २०२२ मध्ये डॅनिश नभोवाणीच्या पॉडकास्टने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले आणि २०२५ मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी अधिकृत माफी मागितली. वैद्यकीयदृष्ट्या तात्पुरते असलेले साधन अनेकींच्या आयुष्यात कायमची हानी करून गेले.

१७/२४
तिसरी कथा बाजारपेठेची. १९७१ मध्ये अमेरिकेत ए. एच. रॉबिन्स या कंपनीने ‘डॅल्कन शील्ड’ विक्रीस आणले. त्याचे एक जनक डॉ. ह्यू डेव्हिस यांनी गर्भधारणेचे प्रमाण अवघे १.१ टक्के असल्याचा दावा केला होता. साधनातील स्वतःचा आर्थिक हितसंबंध मात्र त्यांनी झाकून ठेवला. दोष निघाला तो दोऱ्यातच. इतर साधनांना एकसंध तंतू असे. येथे आवरणात गुंडाळलेले शेकडो सूक्ष्म तंतू होते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे जंतू त्यातून गर्भाशयात चढत.

१८/२४
संसर्ग, जंतुदोषातून झालेले गर्भपात, वंध्यत्व आणि काही मृत्यू. १९७४ मध्ये अमेरिकेतील विक्री थांबली. पण ज्यांच्या शरीरात शील्ड आधीच होते, त्यांनी ते काढून घ्यावे आणि खर्च कंपनी देईल, ही जाहीर मोहीम आली १९८४ मध्ये. तब्बल दहा वर्षांनी! १९८५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. या प्रकरणाच्या दबावातूनच १९७६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांवर कठोर नियंत्रण आणणारा कायदा झाला. आधी विक्री, मग चाचणी, हा क्रम तेव्हा बदलला.

१९/२४
चौथी कथा चीनची, आणि तीत दोराच नाही. तेथे दीर्घकाळ वापरली गेलेली पोलादी कडी बिनदोऱ्याची होती. ती काढायची तर गर्भाशयात उपकरण घालावे लागे. स्वतःहून काढणे किंवा गुपचूप काढून घेणे अवघड. पोलाद क्ष-किरणांत मात्र स्पष्ट दिसते, त्यामुळे कडी जागेवर आहे की नाही हे यंत्रणेला तपासता येई. सहाव्या भागातील दोन खुणा आठवा: स्त्रीची खूण गळाली, शासनाची तेवढी राहिली.

२०/२४
अधिकृत आकडेवारीनुसार १९८० ते २०१४ या काळात चीनमध्ये सुमारे ३२.४ कोटी स्त्रियांना गर्भाशयातील साधन बसवले गेले. पहिल्या अपत्यानंतर ते बसवणे ही बहुतांशी सक्ती होती. २०१६ मध्ये दोन अपत्यांना परवानगी मिळाली आणि सरकारने साधन मोफत काढून देण्याची सोय जाहीर केली. अनेक स्त्रियांनी त्यावर संताप व्यक्त केला. धोरण बदलले तेव्हा साधन ‘तात्पुरते’ ठरले. तोवर ते कायमचेच होते. तात्पुरतेपणाची किल्ली शासनाच्या खिशात होती.

२१/२४
इतके वाचून ‘हे साधनच वाईट’ असा निष्कर्ष काढू नका. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हॉवर्ड टेटम यांचा ‘टी’ आकार आणि चिलीचे हाइमे झिपर यांचे तांब्यावरील संशोधन एकत्र आले. तांब्याचे आयन शुक्रजंतूंना निष्प्रभ करतात. स्त्रीबीज तयार होण्याची प्रक्रिया चालूच राहते. म्हणूनच ‘३८० ए’ प्रकारची तांबी दहा वर्षे परिणामकारक राहूनही काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लवकर परतते. पहिल्या वर्षी शंभरात एकीपेक्षाही कमी स्त्रियांना गर्भ राहतो. आरंभीच्या महिन्यांत अधिक रक्तस्राव व पोटदुखी संभवते. गर्भाशयाला छेद जाण्याचा धोका हजारात एक-दोन इतका.

२२/२४
‘तांबीने वांझपण येते’ या भीतीचीही तपासणी झाली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या विश्लेषणात संसर्गाचा वाढीव धोका मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांत आढळला. २००१ मध्ये मेक्सिकोतील स्त्रियांवरील हबाकर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, गर्भनलिका बंद होऊन येणाऱ्या वंध्यत्वाचा संबंध तांबीशी जुळला नाही. तो पूर्वीच्या क्लॅमिडिया संसर्गाशी जुळला. म्हणजे निर्जंतुक हात, आधीची तपासणी आणि नंतरची विचारपूस यांवर सुरक्षितता उभी राहते. १९६५ च्या शिबिरांत नेमकी यांचीच वानवा होती.

२३/२४
एक आक्षेप रास्त आहे: तेव्हा अन्नटंचाई खरी होती, बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियाही खऱ्या होत्या, शासनाने स्वस्थ बसायचे का? नाही. साधन पोहोचवणे योग्यच होते. पण घाईने उद्दिष्टालाच मारले, हे आकडेच सांगतात. आणि किंमत आजही चुकती होते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रीनसबंदीवर, तर अवघ्या २.१ टक्के गर्भाशयातील साधनावर अवलंबून आहेत. पाळणा लांबवण्याचे साधन उपलब्ध असताना बहुतेकींच्या वाट्याला पाळणा कायमचा थांबवणेच येते.

२४/२४
म्हणून कोणत्याही कार्यक्रमाला मी तीन प्रश्न विचारेन. बसवताना स्त्रीला माहिती देऊन, प्रसूतीच्या वेदनांच्या घाईत नव्हे, तिची संमती घेतली का? त्रास झाला तर जवळ कोण आहे? आणि ती ‘काढा’ म्हणाली, तर कारण न विचारता, पतीची किंवा सासूची सही न मागता काढले जाते का? बसवलेल्या तांब्यांची संख्या तर प्रत्येक अहवालात असते. मागताक्षणी काढून दिलेल्या तांब्यांची संख्या ज्या दिवशी तितक्याच अभिमानाने छापली जाईल, त्या दिवशी ‘केव्हाही काढता येते’ या वाक्याला कर्ता मिळेल.

मतभेद असल्यास अवश्य मांडा. विशेषतः १९६५ च्या लूप मोहिमेविषयी आपल्या आजीने किंवा गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी काही सांगितले असेल, तर त्यांची अनुमती घेऊन, नाव न देता, येथे लिहा. शासकीय अहवालांत तो आवाज अगदी क्वचित उमटला आहे.